मोटर चालू होतानाचे पहिले दोन सेकंद: जनरेटर आणि इन्व्हर्टर लोड कसा झेलतात

एक एचपीची मोटर म्हणजे पाऊण किलोवॅट. इन्व्हर्टर तीन केव्हीएचा (केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत). कागदावर इन्व्हर्टर मोटरच्या चौपट. हाच हिशोब करून मी एअर कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर टाकला, बटण दाबलं, मोटरने एकदा हुंकार दिला आणि सगळं बंद. पडद्यावर ओव्हरलोडचा कोड. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेच.

मग तेवढ्याच क्षमतेचा जुना पेट्रोल जनरेटर जोडला. बटण दाबताच इंजिनचा आवाज खोल गेला, शेजारचा पिवळा बल्ब तांबूस झाला, मीटरवर २३० चे १७० व्होल्ट दिसले. दोनेक सेकंद असं वाटलं की आता इंजिन बंद पडणार. तेवढ्यात मोटर वेगात आली, इंजिनने दम धरला आणि बल्ब पुन्हा उजळला.

दोन्ही मशीनच्या पाटीवर आकडा एकच होता, वागणूक मात्र पूर्ण वेगळी. मला हे कळायला बरेच महिने आणि एक जळालेलं पॉवर सप्लाय लागलं. तुम्हाला लागू नये म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो तो क्रम सरळ करून इथे देतोय.

हाताशी काय हवं

- क्लॅम्प मीटर, शक्यतो ‘इनरश’ बटण असलेला. साधा मीटर मोटरच्या सुरुवातीचा झटका पकडत नाही; तो आकडा दाखवेपर्यंत झटका संपलेला असतो.
- व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही दाखवणारा मल्टिमीटर, मिन-मॅक्स नोंद ठेवणारा असेल तर उत्तम.
- एक-दोन किलोवॅटचे दोन-तीन हीटर. चाचणीसाठी याहून चांगला लोड नाही.
- प्रत्येक मोटरच्या नेमप्लेटचा फोटो.
- जनरेटर आणि इन्व्हर्टर दोघांची डेटाशीट. जाहिरातीचं पत्रक नको. ज्यात ओव्हरलोडची वेळ सेकंदांत दिली आहे तो कागद हवा.
- वही. प्रत्येक चाचणीची तारीख आणि आकडे त्यात लिहा.

जिवंत तारा उघडून मोजमाप करायची सवय नसेल तर ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून आकडे लिहा. आकडे तुमच्या वहीत आले की काम झालं.

१. दोघांचा स्वभाव आधी ओळखा

लोड वाढला की जनरेटरमध्ये तीन गोष्टी एकामागून एक होतात.

पहिली गोष्ट पहिल्याच आवर्तनात होते. करंट वाढला की आल्टरनेटरच्या (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) वाइंडिंगच्या आतल्या रिअॅक्टन्समुळे, म्हणजे एसी करंटला होणाऱ्या अडथळ्यामुळे, बाहेरचं व्होल्टेज पडतं. हे थांबवायला कुठलाही कंट्रोलर वेळेत पोहोचू शकत नाही. मग एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, फील्डचा, म्हणजे रोटरचं चुंबकत्व तयार करणारा, करंट वाढवतं आणि व्होल्टेज वर येऊ लागतं.

दुसरी गोष्ट वेगाची. इंजिनला अजून जास्त इंधन मिळालेलं नाही, पण लोड तर वीज मागतोय. मधल्या वेळची ऊर्जा येते फिरणाऱ्या रोटर आणि फ्लायव्हीलमधून. ते हळू होतात आणि स्वतःची गतिज ऊर्जा देऊन टाकतात. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वेग १० टक्के उतरला तर साठ्यातली १९ टक्के ऊर्जा बाहेर पडते. जड फ्लायव्हीलचा जनरेटर झटका सहज पचवतो तो यामुळेच.

तिसरी गोष्ट गव्हर्नरची. वेग उतरला हे कळल्यावरच तो इंधन वाढवतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला तेव्हापासून तत्त्व तेच आहे: आधी वेग चुकतो, मग दुरुस्ती येते. त्यामुळे लोड बदलला की साध्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलणारच. ती हलते म्हणून मशीन खराब समजू नका. किती हलते आणि किती वेळात परत येते, हे पाहायचं.

वेग आणि फ्रिक्वेन्सी एकमेकांना बांधलेले असतात. दोन पोलचं मशीन ३००० आरपीएमला ५० हर्ट्झ देतं, चार पोलचं १५०० ला. इंजिन दबलं की हर्ट्झ दबले.

आता इन्व्हर्टर. त्यात फिरणारं काहीच नाही. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तो लहर घडवतो, आणि फ्रिक्वेन्सी येते आतल्या घड्याळातून. लोड कितीही हलो, स्वतंत्र चालणाऱ्या साध्या इन्व्हर्टरचे ५० हर्ट्झ जागचे हलत नाहीत. व्होल्टेजमधली चूकही तो एखाद्या आवर्तनाच्या, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या आसपास सुधारतो. क्षमतेच्या आत असेपर्यंत त्याच्याइतका ताठ कोणी नाही.

अडचण मर्यादेपाशी येते. जनरेटरच्या वाइंडिंगमध्ये किलोंनी तांबं असतं, ते तापायला वेळ लागतो, म्हणून काही सेकंद दुप्पट-तिप्पट करंट ते सहन करतं. ट्रान्झिस्टरची चिप नखाएवढी. जास्त करंट गेला तर ती क्षणार्धात जळते, म्हणून इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला करंट छाटतो किंवा सरळ बंद होतो. जनरेटर वाकतो आणि सावरतो. इन्व्हर्टर वाकत नाही, थेट हात वर करतो. माझा कॉम्प्रेसर याच फरकावर अडला होता.

देशाच्या ग्रिडमध्येही हेच चालतं. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये आकाशातली वीज कोसळल्यानंतर काही निर्मिती अचानक तुटली, फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि आपोआप लोड तोडणाऱ्या यंत्रणेने दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज बंद केली. तुमच्या जनरेटरचं इंजिन कण्हतं तेव्हा तुम्ही तीच घटना छोट्या रूपात ऐकत असता.

२. लोडची यादी वॅटमध्ये नको, सुरुवातीच्या करंटमध्ये करा

बहुतेकांची चूक इथे होते. यादीत फक्त चालतानाचे वॅट लिहिले जातात.

मोटर थेट चालू केली की सुरुवातीला चालतानाच्या करंटच्या साधारण पाच ते आठ पट करंट ओढते. फ्रिज, पंप, कॉम्प्रेसर, एअर कंडिशनर सगळे याच जातीचे. काही कॉम्प्रेसरच्या पाटीवर ‘एलआरए’ असं लिहिलेलं असतं. रोटर अडलेला असताना जाणारा करंट तो. हा आकडा मिळाला तर अंदाज करत बसू नका, तोच धरा.

सुरुवातीच्या करंटचा पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खरं काम करणारा वाटा) खूप कमी असतो. म्हणजे केव्हीए प्रचंड, पण किलोवॅट त्या मानाने कमी. जनरेटरवर याचा परिणाम असा की फ्रिक्वेन्सीपेक्षा व्होल्टेज जास्त पडतं: ओझं इंजिनपेक्षा आल्टरनेटरवर येतं. म्हणून मोटरसाठी जनरेटर घेताना कधीकधी इंजिन तेच ठेवून फक्त आल्टरनेटर एक माप मोठा घेणं शहाणपणाचं ठरतं.

व्होल्टेज पडलं की मोटरचा टॉर्कही पडतो, आणि तोही वर्गाने. ८० टक्के व्होल्टेजला सुरुवातीचा टॉर्क ६४ टक्केच उरतो. पंखा निघेल, पण हवेने भरलेल्या टाकीवरचा कॉम्प्रेसर कदाचित निघणार नाही. तो अडून बसला की करंट खाली येतच नाही, आणि मग काहीतरी जळतं.

हीटर साधा सरळ लोड आहे, व्होल्टेज पडलं की तो स्वतःच कमी वीज घेतो आणि मशीनला हातभार लावतो. कॉम्प्युटर, एलईडी आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) याच्या उलट: त्यांना ठराविक पॉवर हवी असते, म्हणून व्होल्टेज पडलं की ते आणखी करंट ओढतात. आधीच दबलेल्या जनरेटरवर असा लोड भरपूर असेल तर घसरण वाढतच जाते. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना काही आवर्तनं रेटेड करंटच्या कित्येक पट करंट खेचू शकतो, आणि तोही दर वेळी वेगळा, कारण लहरीच्या कुठल्या टोकाला स्विच पडला यावर ते ठरतं. ‘काल चालू झालं, आज ट्रिप झालं’ या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

३. मोजा

क्लॅम्प मीटर एकाच तारेभोवती लावा. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर आकडा शून्य येतो. इनरश बटण दाबून मोटर चालू करा. आधी ग्रिडवर मोजा, कारण तिथे व्होल्टेज फारसं पडत नाही आणि खरा झटका दिसतो.

माझ्या कॉम्प्रेसरचा चालतानाचा करंट ५.६ अँपिअर निघाला आणि इनरश ३३. आता गणित करून पाहा. तीन केव्हीएचा इन्व्हर्टर २३० व्होल्टवर १३ अँपिअर देतो, क्षणभर दुप्पट म्हणजे २६. झटका ३३ चा. चौपट मोठा वाटणारा इन्व्हर्टर प्रत्यक्षात सात अँपिअरने कमी पडत होता.

एक मोजमाप थंड मोटरवर घ्या आणि एक टाकीत दाब असताना. हे मी आधी केलं नव्हतं. कॉम्प्रेसर बंद होताना ‘फुस्स’ असा आवाज येतो ना, तो अनलोडर व्हॉल्व्ह पाइपमधली हवा सोडतोय. माझ्या मशीनचा तो आवाज कधीच बंद झाला होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मोटर प्रत्येक वेळी दाबाविरुद्ध सुरू होत होती, त्यामुळे झटका लांबत होता. व्हॉल्व्ह बदलल्यावर मोटर अर्ध्याहून कमी वेळात वेगात यायला लागली.

४. डेटाशीट वाचताना

इन्व्हर्टरसाठी ‘सर्ज’ किंवा ‘पीक’ या शब्दापुढे वेळ शोधा. सहा केव्हीए पीक लिहिलंय, पण किती वेळ? काही मशीन तो आकडा काही मिलिसेकंद देतात, काही पाच सेकंद. मोटरला वेगात यायला अर्धा ते दोन सेकंद लागत असतील तर मिलिसेकंदांचा सर्ज निरुपयोगी आहे. आत ५० हर्ट्झचा जड ट्रान्सफॉर्मर असलेले इन्व्हर्टर सहसा हा झटका जास्त वेळ धरतात. हलके, उच्च फ्रिक्वेन्सीवर चालणारे लवकर सोडून देतात. मोटर चालवायची असेल तर मी वजनदार मशीन निवडेन. शेवटी घेतला तोही पाच केव्हीएचा ट्रान्सफॉर्मरवाला. विक्रेत्याला वेळेचा आकडा विचारा. तो सांगता येत नसेल तर दुसरीकडे पाहा.

बॅटरीची बाजू विसरू नका. २४ व्होल्टवर ३ किलोवॅटचा झटका म्हणजे १२५ अँपिअर, तोटा धरला तर १४० च्या आसपास. केबल आणि जोडांचा एकूण रोध फक्त ०.०१ ओहम असला तरी १.४ व्होल्ट वाटेतच जातात. जुनी बॅटरी त्यात आणखी दोन व्होल्ट घालवते आणि इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद होतो. लोक बॅटरी बदलतात. आधी लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) घट्ट आहे का ते बघा. लोड काढून, मशीन बंद करून लगेच लगजवळ हाताचा मागचा भाग न्या; धग लागली तर चोर तिथेच आहे.

जनरेटरसाठी आयएसओ ८५२८ मानकातला वर्ग शोधा: जी१, जी२, जी३. लोड अचानक वाढल्यावर फ्रिक्वेन्सी किती घसरू द्यायची याची मर्यादा जी१ ला १५ टक्के, जी२ ला १० आणि जी३ ला ७ टक्के. दिवे, पंप यांना जी१-जी२ चालतं. नाजूक इलेक्ट्रॉनिक्ससाठी जी३ मागा.

टर्बो असलेलं डिझेल इंजिन पूर्ण लोड एका घासात गिळत नाही. टर्बोला वेग यायला एक्झॉस्ट हवा, आणि एक्झॉस्ट वाढायला इंधन जळायला हवं. तोवर काळा धूर निघतो आणि वेग पडतो. पहिल्या पायरीला किती टक्के लोड चालतो हे डेटाशीटमध्ये असतं, ते वाचाच.

५. नो-लोडला ५०.० हर्ट्झ लावू नका

हा सापळा मी स्वतः पायाखाली घेतला, म्हणून वेगळा सांगतो.

यांत्रिक गव्हर्नरमध्ये ‘ड्रूप’ असतो: लोड वाढेल तसा वेग थोडा खालीच स्थिरावतो. म्हणून असे जनरेटर रिकामे असताना मुद्दाम ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवतात, म्हणजे पूर्ण लोडला ते ५० वर येतात. मी मीटर लावला, ५२ दिसले, आणि स्क्रू फिरवून व्यवस्थित ५०.० केले. त्या दिवसापासून लोड टाकला की ४८ आणि मोटर चालू होताना ४५ च्या खाली. बऱ्याच एव्हीआरमध्ये फ्रिक्वेन्सी ठराविक पातळीखाली गेली की व्होल्टेजही सोबत उतरवायची सोय असते, इंजिनवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून. त्यामुळे व्होल्टेजही कोसळायचं आणि मला वाटायचं एव्हीआर बिघडलं. एव्हीआर आपलं काम चोख करत होतं.

इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर असेल तर तो रिकाम्यात आणि भरलेल्यात दोन्हीकडे ५० ठेवू शकतो. तुमच्याकडे कोणता आहे ते आधी पाहा, स्क्रूला नंतर हात लावा.

६. लोड टाकायचा क्रम ठरवा आणि भिंतीवर लावा

सगळ्यात मोठी मोटर आधी, बाकी सगळं रिकामं असताना. मग दुसरी मोटर, पण पहिली वेगात येऊन इंजिनचा आवाज स्थिर झाल्यावर. मग दिवे. इलेक्ट्रॉनिक्स शेवटी. वीज गेल्यावर सगळे स्विच चालूच राहतात आणि जनरेटर आला की सगळे एकदम तोंड उघडतात, हा सर्वात नेहमीचा घोळ. टायमर किंवा हाताने बंद करण्याची शिस्त, दोन्हींपैकी एक हवंच.

झटकाच कमी करायचा असेल तर तीन-फेज मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर: सुरुवातीचा लाइन करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो. व्होल्टेज हळूहळू वाढवणारा सॉफ्ट स्टार्टर त्यापेक्षा गुळगुळीत. व्हीएफडी सर्वात चांगला, करंट रेटेडच्या आसपासच राहतो.

इकडे कॉन्टॅक्टरकडेही (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा, मोटर चालू-बंद करणारा स्विच) लक्ष असू द्या. त्याच्या कॉइलला मिळणारं व्होल्टेज ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की तो सुटण्याची शक्यता असते. सुटला की लोड जातो, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढला जातो, पुन्हा पडतो. तो खडखडाट ऐकला तर ताबडतोब बंद करा, कॉन्टॅक्ट वितळतात.

‘इन्व्हर्टर जनरेटर’ नावाचा छोटा प्रकार वापरत असाल तर मोटर चालू करण्यापूर्वी इको मोड बंद करा. या मशीनमध्ये इंजिन आणि बाहेरची फ्रिक्वेन्सी वेगळे केलेले असतात, त्यामुळे कमी लोडला इंजिन हळू चालतं. झटका आला तेव्हा ते हळू चालत असेल तर वेग वाढेपर्यंत आतला साठा संपतो.

७. हीटर लावून चाचणी घ्या

इलेक्ट्रॉनिक वस्तू सगळ्या काढा. जनरेटर पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या. मग हीटरने साधारण २५, ५०, ७५ टक्के लोड पायरीपायरीने टाका आणि प्रत्येक पायरीला चार गोष्टी लिहा: सर्वात कमी व्होल्टेज, सर्वात कमी हर्ट्झ, स्थिर व्हायला लागलेले सेकंद, स्थिर आकडे.

त्यानंतर उलटी चाचणी: सगळा लोड एकदम काढा. ही बाजू कोणी तपासत नाही, आणि माझं पॉवर सप्लाय याच बाजूने गेलं. लोड निघाला तरी इंजिनमध्ये इंधन क्षणभर जास्तच जातं, वेग उसळतो, आणि एव्हीआर फील्ड उतरवेपर्यंत व्होल्टेज वर जातं. त्या क्षणी जे काही जोडलेलं असेल ते हा धक्का खातं. मिन-मॅक्स मीटरचा ‘मॅक्स’ आकडा इथे कामाला येतो.

लोड न बदलताही वेग सतत वर-खाली होत असेल, इंजिन श्वास घेतल्यासारखं करत असेल, तर ते हंटिंग. इंधन फिल्टर, कार्बोरेटर, गव्हर्नरची लिंक, या क्रमाने तपासा.

डिझेल सेट महिनोन्महिने ३० टक्क्यांखाली चालवू नका. इंधन पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमध्ये ओलसर काळा थर बसतो, आणि मग खरा लोड आला की इंजिन उचलत नाही.

८. दोघं एकत्र आणायचे असतील तर

जनरेटर आणि साधा इन्व्हर्टर यांचे आउटपुट कधीही एकमेकांना जोडू नका. दोघांची लहर वेगवेगळी धावत असते. जोडताक्षणी इन्व्हर्टर जातो. मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, ज्यात दोन्ही एकदम चालू होणं यांत्रिकदृष्ट्याच अशक्य असेल. ग्रिडकडे उलटी वीज जाऊ नये यासाठीही तोच लागतो, कारण खांबावर काम करणाऱ्याचा जीव त्यावर असतो.

जनरेटरवर यूपीएस किंवा चार्जर असलेला इन्व्हर्टर असेल तर त्याची इनपुट फ्रिक्वेन्सीची खिडकी (किती ते किती हर्ट्झ स्वीकारायचे ती मर्यादा) रुंद करा. खिडकी अरुंद असेल तर हर्ट्झ जरा हलले की तो जनरेटर सोडून बॅटरीवर जातो. लोड गेल्याने जनरेटर सावरतो, यूपीएस परत येतो, जनरेटर पुन्हा दबतो, आणि हा खेळ बॅटरी संपेपर्यंत चालतो. चार्जिंगचा करंट कमी ठेवा आणि हळूहळू चढणारी सुरुवात उपलब्ध असेल तर ती चालू करा.

लोड जनरेटरवर असताना पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर सर्किटमधून वेगळे करा. लोड कमी आणि कपॅसिटर जास्त असले तर आल्टरनेटर स्वतःच उत्तेजित होतो, व्होल्टेज एव्हीआरच्या हाताबाहेर चढतं.

सोलर इन्व्हर्टर बॅटरी इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडलेला असेल तर एक गोष्ट चक्रावून टाकते: बॅटरी भरली की हर्ट्झ ५१ च्या वर जातात. तो बिघाड नाही. बॅटरी इन्व्हर्टर मुद्दाम फ्रिक्वेन्सी वाढवून सोलरला ‘कमी कर’ असं सांगत असतो. फिरणाऱ्या मशीनची जुनी भाषा तो मुद्दाम बोलतो.

शेवटची तपासणी ब्रेकरची. सी प्रकारचा एमसीबी शॉर्ट सर्किटला लगेच पडण्यासाठी रेटिंगच्या पाच ते दहा पट करंट मागतो. १६ अँपिअरच्या सी एमसीबीला ८० ते १६० अँपिअर लागतील. तीन केव्हीएचा इन्व्हर्टर २६ च्या वर देतच नाही, म्हणून शॉर्ट झाला तरी तो एमसीबी जागचा हलत नाही. इन्व्हर्टर मात्र बंद पडून सगळं घर अंधारात नेतो. इन्व्हर्टरच्या सर्किटवर कमी रेटिंगचे बी प्रकारचे (सी पेक्षा कमी पटीला पडणारे) एमसीबी लावा, आणि अर्थ लीकेजसाठी आरसीसीबी. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल अर्थला योग्य जागी जोडलेला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या, मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. त्या बटणाचा सर्किट अर्थवर अवलंबून नसतो, म्हणून बटणावर पडला एवढ्यावर थांबू नका. आरसीसीबी टेस्टर सॉकेटला लावून तो खरोखर पडतो का ते ग्रिड, जनरेटर आणि इन्व्हर्टर या तिन्ही स्थितींत पाहा आणि तिन्ही निकाल वहीत लिहा.